केप्लर: ग्रहांचे नियम शोधणारा माणूस, आणि ते नियम पास करणारे गुरूचे चार चंद्र

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात केप्लरचे तीन नियम आहेत. आपण ते पाठ केले, पेपरात लिहिले, मार्क घेतले आणि विसरलो. धड्यात दोन गोष्टी सहसा येत नाहीत. एक म्हणजे हा माणूस कसा जगला. दुसरी म्हणजे, सूर्याभोवती फिरणाऱ्या फक्त सहा ग्रहांवरून काढलेला नियम सगळ्या विश्वाला लागू होतो, हे कळलं कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुरूच्या चंद्रांकडे आहे, आणि तिथपर्यंत जायचा रस्ता केप्लरच्या आयुष्यातून जातो. चला, सुरुवातीपासून बघू.

अधू डोळ्यांचा खगोलशास्त्रज्ञ

योहानेस केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावात झाला. बाप भाडोत्री सैनिक होता. तो लढायांवर जायचा, परत यायचा, आणि एकदा गेला तो कायमचाच. घर आई कातारिनाने सांभाळलं. तिला झाडपाल्याची औषधं माहीत होती. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच खटला होणार आहे.

लहानपणी योहानेसला देवी आल्या. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा आईने त्याला उंचावर नेऊन तो दाखवला. पुढे ज्याचं नाव आकाशाशी कायमचं जोडलं गेलं, त्या माणसाला साधे तारेसुद्धा नीट दिसत नसत! म्हणून त्याचं खरं काम डोळ्यांनी कमी आणि कागदावर जास्त झालं. आजच्या भाषेत तो डेटा गोळा करणारा नव्हता, डेटा वाचणारा होता.

पोरगा हुशार होता, शिष्यवृत्ती मिळाली, ट्यूबिंगन विद्यापीठात गेला. व्हायचं होतं धर्मोपदेशक. तिथे मिखाएल मेस्टलिन हे शिक्षक भेटले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं म्हणणं त्यांनी त्याला समजावून दिलं. १५९४ साली ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि केप्लरला तिकडे पाठवलं गेलं. शिकवण्याशिवाय दरवर्षीचं पंचांग काढणं हेही त्याच्या नोकरीत होतं. हवामान, युद्ध, पीकपाणी, सगळ्याचे अंदाज त्यात असत.

सुंदर मॉडेल, पण चुकीचं

१५९५ साली वर्गात शिकवता शिकवता त्याला एक कल्पना सुचली. तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. सहाच का? सात का नाहीत? केप्लरला वाटलं उत्तर भूमितीत आहे. सगळ्या बाजू एकसारख्या असलेले घनाकार (आपला लुडोचा फासा हा त्यातलाच एक) जगात फक्त पाचच आहेत. ते एकात एक बसवले, तर मध्ये सहा गोलांना जागा होते. सहा गोल म्हणजे सहा ग्रह!

१५९६ साली त्याने यावर पुस्तक काढलं. आकडे बऱ्यापैकी जुळत होते, पण अगदी बरोबर जुळत नव्हते. मशीन लर्निंग शिकलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. हातात मोजकेच आकडे असतात, आपण त्यांच्यावर एक देखणं मॉडेल बसवतो, आणि ते नव्या डेटावर चालेल का हे तपासायला डेटाच उरत नाही. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. केप्लरचा या मॉडेलवर शेवटपर्यंत जीव होता, १६२१ मध्ये त्याने ते पुस्तक पुन्हा छापलं. पण ते चूकच होतं. पुढे युरेनस आणि नेपच्यून सापडले आणि सहाचा हिशेब संपला.

त्याला आणखी अचूक निरीक्षणं हवी होती, आणि ती युरोपात एकाच माणसाकडे होती.

टायकोच्या वह्या आणि ८ कलांचा फरक

तो माणूस म्हणजे टायको ब्राहे. डेन्मार्कचा सरदार, श्रीमंत, तापट. दुर्बीण अजून यायची होती, तरी मोठमोठी कोनमापक यंत्रं बांधून त्याने अनेक वर्षं ग्रहांच्या जागा नोंदवल्या होत्या. इकडे ग्राट्समध्ये प्रोटेस्टंट लोकांना हाकललं जात होतं. केप्लरने धर्म बदलायला नकार दिला आणि १६०० साली घरदार सोडून तो टायकोकडे प्रागला आला.

दोघांचं पटणं अवघड होतं. टायको डेटा हातचा राखून द्यायचा, केप्लरला सगळा एकदम हवा असायचा. टायकोने त्याला सगळ्यात त्रासदायक ग्रह दिला, मंगळ. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको अचानक वारला आणि सम्राट रुडॉल्फने केप्लरला त्याच्या जागी शाही गणिती नेमलं. वह्या हातात आल्या, पण त्यांच्या मालकीवरून टायकोच्या वारसांशी वाद पुढे कितीतरी वर्षं चालला.

मंगळावर त्याची काही वर्षं गेली. तोपर्यंत सगळे धरून चालायचे की ग्रह वर्तुळातच फिरतात. वर्तुळ, वर्तुळावर वर्तुळ, मध्यबिंदू जरा बाजूला, असे सगळे प्रयोग केप्लरने करून पाहिले. शेवटी एक हिशेब इतका जवळ आला की मंगळाची जागा जास्तीत जास्त ८ कलांनी चुकत होती. एका अंशाच्या ६० कला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३० कलांचा दिसतो, म्हणजे ही चूक चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव भागाएवढी.

दुसऱ्या कोणी असती तर ही चूक मोजमापाच्या खात्यात टाकून काम संपवलं असतं. पण टायकोची निरीक्षणं एक-दोन कलांइतकी नेमकी असतात हे केप्लरला ठाऊक होतं. डेटा बरोबर असेल, तर मॉडेल चूक. त्याने वर्षांची मेहनत बाजूला ठेवली आणि वर्तुळच सोडून दिलं. दोन हजार वर्षांची सवय त्या ८ कलांनी मोडली.

१६०९ साली आलेल्या पुस्तकात दोन नियम होते:

- पहिला: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या एका नाभीवर असतो, मधोमध नसतो.
- दुसरा: ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. साध्या शब्दांत, ग्रह सूर्याजवळ असताना जोरात पळतो, लांब असताना हळू.

दुसरा नियम बघायला मंगळावर जायची गरज नाही. आपल्या चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर साधारण ३.६३ लाख ते ४.०५ लाख किलोमीटरमध्ये बदलत असतं. जवळ असताना तो सेकंदाला सुमारे १.०८ किलोमीटर वेगाने जातो, लांब असताना सुमारे ०.९७ किलोमीटरने. चंद्राचा वेग रोज थोडा बदलतो, तो याच कारणाने.

गुरूभोवती चार ठिपके

मार्च १६१० मध्ये प्रागला बातमी आली की इटलीत गॅलिलिओ नावाच्या प्राध्यापकाने दुर्बिणीतून चार नवे ग्रह पाहिले. केप्लरच्या पोटात गोळा आला. सहाच्या जागी दहा ग्रह असतील, तर त्याचं लाडकं घनाकारांचं मॉडेल तिथेच संपलं असतं. मग गॅलिलिओचं पुस्तक हाती आलं आणि कळलं, हे चौघे सूर्याभोवती नाही, गुरूभोवती फिरतायत. म्हणजे ते चंद्र आहेत. जीव भांड्यात पडला.

त्या वेळी अनेक विद्वान म्हणत होते की हे ठिपके म्हणजे काचेतला दोष आहे. केप्लरने स्वतः काहीच पाहिलं नव्हतं, तरी वाचल्यावर काही दिवसांतच त्याने गॅलिलिओला जाहीर पाठिंबा देणारं पत्र लिहिलं आणि छापलंही. शाही गणिती पाठीशी उभा राहिला, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. गॅलिलिओने मात्र त्याला दुर्बीण पाठवली नाही. शेवटी कोलोनच्या राज्यप्रमुखाने आपली दुर्बीण काही दिवसांसाठी दिली आणि ऑगस्टअखेरीस केप्लरने ते चंद्र स्वतः पाहिले.

या निरीक्षणांवर १६११ साली काढलेल्या पुस्तिकेत त्याने या चंद्रांसाठी एक लॅटिन शब्द वापरला. त्याचा अर्थ मोठ्या माणसाच्या मागेपुढे चालणारा अंगरक्षक. तो शब्द म्हणजे सॅटेलाइट. घरावरच्या डिशपासून बातम्यांपर्यंत आपण जो शब्द रोज वापरतो, तो आकाशातल्या वस्तूंना पहिल्यांदा चिकटला तो असा.

चंद्रांची नावंही काही प्रमाणात त्याचीच. झिमॉन मारियस हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ याच चंद्रांचा अभ्यास करत होता. १६१३ साली रेगेन्सबुर्गमध्ये दोघांची भेट झाली आणि गमतीगमतीत केप्लरने ग्रीक पुराणातली नावं सुचवली, असं मारियसनेच नोंदवलंय. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. हीच नावं आज वापरात आहेत.

दुःखाची वर्षं आणि तिसरा नियम

१६११ हे साल केप्लरसाठी वाईट होतं. सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला, पत्नी बार्बराही गेली, आणि आश्रयदाता सम्राट रुडॉल्फची सत्ता गेली. केप्लर लिंझ शहरात शिक्षकाच्या नोकरीवर गेला. १६१३ मध्ये सुझानाशी दुसरं लग्न झालं, आणि त्या संसारातली काही मुलंही लहानपणीच दगावली. १६१८ च्या सुरुवातीला आणखी एक मुलगी गेली.

त्याच वर्षी तिसरा नियम सापडला. ८ मार्च १६१८ ला कल्पना सुचली, पण हिशेबात गडबड झाली म्हणून त्याने ती टाकून दिली. १५ मे रोजी पुन्हा आकडेमोड केली आणि सगळं चपखल बसलं. त्यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये दंगा झाला आणि तीस वर्षं चालणारं युद्ध सुरू झालं.

नियम असा: ग्रहाच्या परिभ्रमणकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचं अंतर १ आणि काळ १ वर्ष धरा. गुरूचं अंतर ५.२, काळ ११.८६ वर्षं. आता फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. ५.२ चा घन १४०.६. ११.८६ चा वर्ग १४०.७. जुळलं.

पण थांबा. घनाकारांचं मॉडेलही असंच सहा ग्रहांवर बसवलेलं होतं. हा नियमही त्याच सहा ग्रहांवरून काढलेला. मग हा खरा आणि तो खोटा, हे ठरवायचं कसं? त्यासाठी असा डेटा हवा, जो नियम बनवताना वापरलाच नव्हता.

आईवरचा खटला

हे सगळं चालू असताना तिकडे गावात आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला होता. १६१५ पासून प्रकरण धुमसत होतं. ओळखीच्या एका बाईचं म्हणणं होतं की कातारिनाने दिलेलं काहीतरी प्यायल्यापासून ती आजारी पडली. मग एकेक साक्षीदार वाढत गेला. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरीच्या पुढच्या या बाईला अटक झाली आणि साखळदंडाने बांधून ठेवण्यात आलं. त्या काळात अशा खटल्यांत बायकांना जिवंत जाळत.

केप्लर लिंझमधलं काम सोडून शेकडो किलोमीटर लांब गेला आणि बचावाची सूत्रं त्याने हातात घेतली. शंभराहून जास्त पानांचा लेखी बचाव उभा राहिला. त्याची पद्धत मंगळाच्या वेळचीच होती. प्रत्येक आरोप वेगळा काढायचा, तारखा जुळवायच्या, साक्षींमधल्या विसंगती दाखवायच्या, आणि आजाराचं साधं कारण काय असू शकतं ते मांडायचं. शेवटी कातारिनाला छळाची हत्यारं समोर ठेवून धमकावलं गेलं, तरी तिने गुन्हा कबूल केला नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये, चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ती सुटली. एप्रिल १६२२ मध्ये ती वारली.

चार चंद्रांची परीक्षा

आईला अटक झाली त्याच वर्षी केप्लरच्या खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा चौथा भाग आला. त्यात मारियसची मोजमापं घेऊन त्याने तिसरा नियम गुरूच्या चंद्रांना लावून पाहिला. केंद्र वेगळं, अंतरं वेगळी, काळ वर्षांचा नाही तर दिवसांचा. हाच तो न वापरलेला डेटा. आणि नियम तिथेही बसला!

त्याच्याकडचे आकडे ओबडधोबड होते. आपल्याकडे आजचे आहेत, तर आपणही करून बघू (अंतर गुरूच्या केंद्रापासून):

- आयो: ४.२१७ लाख किमी, १.७६९ दिवस
- युरोपा: ६.७१ लाख किमी, ३.५५१ दिवस
- गॅनिमीड: १०.७०४ लाख किमी, ७.१५५ दिवस
- कॅलिस्टो: १८.८२७ लाख किमी, १६.६८९ दिवस

प्रत्येकासाठी दिवसांचा वर्ग करा आणि त्याला अंतराच्या घनाने (लाख किमीमध्ये) भागा. चारही वेळा उत्तर ०.०४१७ येईल. कॅलिस्टो आयोच्या ४.४६ पट लांब आहे, पण फेरीला ९.४३ पट वेळ घेतो. म्हणजे लांबच्या चंद्राचा रस्ता तर मोठा असतोच, शिवाय तो चालतोही हळू.

असं का होतं, याचं केप्लरने दिलेलं कारण मात्र चुकलं. त्याला वाटायचं की सूर्य स्वतःभोवती फिरताना चुंबकासारख्या शक्तीने ग्रहांना ढकलत नेतो. मग गुरूही स्वतःभोवती फिरत असणार आणि चंद्रांना ढकलत असणार, असा अंदाज त्याने केला. गुरू खरंच फिरतो, पण चंद्र त्यामुळे फिरत नाहीत. खरं कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिलं, गुरुत्वाकर्षण. आणि त्याने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात पुरावे मांडताना निरीक्षणांच्या यादीत पहिला नंबर कोणाला दिला? गुरूच्या चंद्रांना.

न्यूटनमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली. तो ०.०४१७ आकडा चौघांचा सारखा आहे, कारण चौघांचा मालक एक आहे. सूर्याभोवती हा आकडा वेगळा येतो, कारण तो आकडा मधल्या वस्तूच्या वजनावर ठरतो. मग उलटं करा: चंद्र किती लांब आणि किती दिवसांत फिरतो एवढं बघा, ग्रहाचं वजन कळेल. गुरू सूर्याच्या सुमारे १०४७ वा भाग आहे हे आपल्याला असंच कळतं. वजनकाटा लागत नाही, एक चंद्र पुरतो.

शेवटचा प्रवास

टायकोच्या निरीक्षणांवर आधारलेली ग्रहांची कोष्टकं पूर्ण करणं हे केप्लरवरचं जुनं कर्ज होतं. युद्धात लिंझला वेढा पडला, छापखाना जळाला. तो कागदपत्रं घेऊन उल्म शहरात गेला आणि १६२७ साली ती कोष्टकं छापून घेतली. त्यांच्या आधारे त्याने सांगितलं की ७ नोव्हेंबर १६३१ ला बुध सूर्यबिंबावरून जाईल. पॅरिसमध्ये पिएर गॅसेंडीने त्या दिवशी तो ठिपका खरंच पाहिला.

ते बघायला केप्लर नव्हता. थकलेले पैसे वसूल करायला १६३० च्या शरद ऋतूत तो निघाला, रेगेन्सबुर्गला पोचल्यावर तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी गेला. वय ५८. काही वर्षांतच युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली. त्याची कबर आज कुठे आहे हे कोणालाच दाखवता येत नाही.

तुमच्या फोनमधला केप्लर

आता आपल्या कामाची गोष्ट. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवती साधारण १२ तासांत एक फेरी मारतात. प्रत्येक उपग्रह आपण कुठे आहोत हे फोनला सांगतो, पण दर सेकंदाच्या जागांची यादी पाठवत नाही. तो लंबवर्तुळाचं वर्णन पाठवतो: कक्षा केवढी आहे, किती चपटी आहे, कशी कललेली आहे, आणि ठरावीक क्षणी उपग्रह तिच्यावर कुठे होता. शिवाय थोड्या दुरुस्त्या. उरलेला हिशेब फोनमधली चिप करते.

त्या हिशेबात एक पायरी अशी आहे की वेळ दिली तर कक्षेवरची जागा काढायची. हे कोडं १६०९ च्या पुस्तकातलं आहे आणि आजही त्याला केप्लरचं समीकरण म्हणतात. त्याचं सरळ सूत्राने उत्तर निघत नाही. अंदाज करायचा, किती चुकलं ते बघायचं, सुधारायचं, पुन्हा करायचं. केप्लर ते हाताने करायचा. तुमची चिप तेच करते, फक्त क्षणार्धात. भारताच्या नाविक यंत्रणेचे उपग्रहही आपली कक्षा अशीच कळवतात.

चारशे वर्षांपूर्वीचा पुरावा स्वतः बघायचा असेल तर त्याला अ‍ॅपही लागत नाही. गुरू रात्री वर असेल तेव्हा साधी १० बाय ५० ची दुर्बीण (पक्षी बघायला वापरतात ती) भिंतीला टेकवून स्थिर धरा. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी चार, कधी तीन. रोज त्याच वेळी कागदावर त्यांच्या जागा काढा. पंधरा-वीस दिवसांत सगळ्यात लांब जाणारा ठिपका ओळखू येईल, तो कॅलिस्टो. त्याला परत त्याच बाजूच्या टोकाला यायला किती दिवस लागले ते मोजा. १७ च्या आसपास आकडा आला, की तिसऱ्या नियमाचा एक पुरावा तुमच्या स्वतःच्या वहीत असेल.